मेरापीच्या छायेतील संसार

इंडोनेशियातील जावा बेटाच्या मध्यभागी योग्यकार्ता हे जुने राजधानीचे शहर वसलेले आहे. या शहराच्या उत्तरेस सुमारे तीस किलोमीटरांवर शंकूच्या आकाराचा एक उंच डोंगर उभा आहे. पहाटे आकाश निरभ्र असले म्हणजे शहरातील रस्त्यांवरूनही त्याचे शिखर स्पष्ट दिसते, आणि त्या शिखरातून वर जाणारी पांढऱ्या धुराची रेघही दिसते. हा मेरापी पर्वत. तेथील भाषेत ‘आपी’ म्हणजे अग्नी. नावातच ज्याच्या अग्नी आहे असा हा डोंगर सुमारे २,९०० मीटर उंच आहे. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटरांचे आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्याच्या उंचीची कल्पना येईल.

इंडोनेशियात सुमारे १३० जागृत ज्वालामुखी आहेत. त्यांपैकी सर्वाधिक अस्वस्थ अशा मोजक्या पर्वतांत मेरापीची गणना होते. दर काही वर्षांनी तो जागा होतो. कधी नुसती राख उधळून शांत होतो, तर कधी गावेच्या गावे पुसून टाकतो. असे असूनही त्याच्या उतारांवर आणि पायथ्याशी दहा लाखांहून अधिक माणसे राहतात. शिखरापासून अवघ्या चार-पाच किलोमीटरांवर घरे आहेत, गोठे आहेत, शाळा आहेत, लग्नाचे मांडव पडतात. ज्याने आजोबांच्या पिढीतील माणसे नेली, त्याच डोंगराच्या अंगावर नातवंडे भाजीचे वाफे करतात.

दूरवरच्या माणसाला हा अविचार वाटतो. परंतु तेथील कुटुंबांचा हिशेब नीट मांडून पाहिला, तर तो अविचार इतका सरळ राहत नाही. त्यात जमेच्या बाजूलाही बरेच काही आहे, आणि नावेच्या बाजूला जे आहे ते कमी कसे करता येईल, याचा विचार तेथील लोकांनी पुष्कळ किंमत मोजून केलेला आहे.

मातीचे देणे

ज्वालामुखीची राख पडते तेव्हा ती पिकांना मारते. पाने जळतात, फळे खराब होतात, छपरे वाकतात. पण तीच राख पावसाने भिजून, उन्हाने तापून, वर्षानुवर्षे झिजत गेली म्हणजे तिच्यातील खनिजे मातीत उतरतात आणि जमीन कसदार होते. डोंगराची उंची ढगांना अडवते, म्हणून पाऊस चांगला पडतो. सच्छिद्र खडकांत ते पाणी मुरते आणि खाली झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. जावा हे जगातील अत्यंत दाट वस्तीच्या बेटांपैकी एक आहे. इतक्या माणसांना पोसण्याची शक्ती त्या भूमीत आली ती बऱ्याच अंशी या पर्वतांमुळेच.

मेरापीच्या दक्षिण उतारावर तुरी या भागात ‘सालाक पोन्दोह’ नावाचे फळ होते. वरून सापाच्या कातडीसारखे खवलेदार, तपकिरी साल. आतून पांढरा, कुरकुरीत, गोड गर. या फळाच्या बागांवर तेथील असंख्य शेतकरी कुटुंबे चालतात. उत्तरेस मेरापी आणि मेरबाबू या दोन डोंगरांच्या खिंडीत सेलो नावाचे गाव आहे. तेथे थंड हवेतील भाज्या आणि तंबाखू पिकते. दक्षिणेकडील चांगक्रिंगान भागात दुभत्या गाई पाळल्या जातात. सकाळी दूध गोळा करून सहकारी संस्थेकडे पोचवायचे, दिवसभर डोंगरउतारावरून गवताचे भारे आणायचे, संध्याकाळी पुन्हा धारा काढायच्या, असा तेथील घरांचा दिनक्रम असतो.

याशिवाय आणखी एक उत्पन्न थेट डोंगराच्या पोटातून येते. उद्रेकानंतर नद्यांच्या पात्रांत वाळू आणि दगड यांचे ढीग साचतात. ही वाळू बांधकामाला उत्तम समजली जाते. मध्य जावातील शहरांची बांधकामे मोठ्या प्रमाणावर मेरापीच्या वाळूवर उभी राहिलेली आहेत. हातात फावडे घेऊन ट्रक भरणाऱ्या मजुरापासून ते मालवाहतूकदारापर्यंत एक मोठी साखळी या वाळूवर जगते. मात्र हे उत्खनन बेसुमार झाले म्हणजे नदीचे काठ खचतात, पाण्याची पातळी खाली जाते आणि जड वाहनांनी गावचे रस्ते उखडतात. आपत्काळी ज्या रस्त्याने पळायचे, तोच रस्ता वाळूच्या ट्रकांनी मोडून पडतो. नफ्याची आणि सुरक्षिततेची ओढाताण तेथेही चालूच आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला हे सारे अगदीच परके वाटू नये. आपली काळी कसदार जमीन आणि सह्याद्रीचा काळा कातळ हे दोन्ही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहून आलेल्या लाव्हारसाचेच देणे आहे. वेरूळची इंद्रसभा ज्या पाषाणात कोरली आहे, तो पाषाणही एके काळी वाहता अग्नी होता. फरक इतकाच की आपल्याकडील अग्नी केव्हाच विझला आणि आपल्या वाट्याला त्याची केवळ संपत्ती आली. मेरापीच्या लोकांच्या वाट्याला संपत्ती आणि अग्नी दोन्ही एकाच वेळी आलेले आहेत.

धोका नेमका कशाचा

ज्वालामुखी म्हटले की लालभडक लाव्हा वाहत येतो आणि माणसे पळत सुटतात, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. मेरापीचे तसे नाही. त्याचा लाव्हा घट्ट असतो. तो दूर वाहत न जाता शिखरावरच साचत राहतो आणि त्याचा एक घुमट तयार होतो. हा घुमट वाढत वाढत अस्थिर झाला म्हणजे ढासळतो, किंवा आतील वायूच्या दाबाने फुटतो. मग शेकडो अंश तापलेली राख, वायू आणि दगड यांचा एक लोट उतारावरून खाली धावतो. त्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक असू शकतो. त्याच्यापुढे पळणे शक्य नसते. त्याच्या वाटेत आलेले काहीही टिकत नाही.

या तप्त मेघाला जावानी लोक ‘वेधुस गेम्बेल’ म्हणतात. कुरळ्या लोकरीची मेंढी, असा त्याचा अर्थ. दुरून पाहताना राखेचे ते गुबगुबीत, वळ्यावळ्यांचे ढग डोंगरावरून उतरणाऱ्या मेंढरांच्या कळपासारखे दिसतात. ज्याच्यापासून मृत्यू येतो त्याला घरगुती नाव देऊन ठेवण्याची ही रीत त्या लोकांची डोंगराशी असलेली जवळीक सांगून जाते.

उद्रेक संपला तरी धोका संपत नाही. पावसाळ्यात उतारावर साचलेली राख आणि दगड पाण्यात मिसळून चिखलाचे प्रचंड लोंढे नद्यांतून खाली येतात. त्यांना ‘लाहार’ म्हणतात. हा मूळचा जावानी शब्द आज जगभरचे भूवैज्ञानिक वापरतात. असे लोंढे अडवण्यासाठी मेरापीच्या नद्यांवर ठिकठिकाणी भक्कम बंधारे बांधलेले आहेत.

१९३० सालच्या डिसेंबरात झालेल्या उद्रेकात सुमारे १,३७० माणसे मृत्युमुखी पडली. २२ नोव्हेंबर १९९४ रोजी दक्षिण उतारावरील तुर्गो या वाडीत लग्नसमारंभ चालू असताना तप्त मेघ येऊन आदळला. त्या दिवसाच्या बळींची संख्या साठहून अधिक झाली. २००६ मध्ये कालियादेम येथे दोघांनी भूमिगत निवाऱ्याचा आश्रय घेतला. निवारा तप्त राखेखाली गाडला गेला आणि ते दोघेही वाचले नाहीत. जुन्या माणसांच्या तोंडी प्रत्येक उद्रेकाची वेगळी आठवण असते. कोणती वाडी गेली, कोणती वाचली, लोट कोणत्या ओढ्याने उतरला, हे ते सालानिशी सांगतात.

पर्वत, राजवाडा आणि किल्ल्या सांभाळणारा

मेरापी हा तेथील लोकांच्या दृष्टीने केवळ दगडामातीचा ढीग नाही. योग्यकार्ता शहराची रचनाच उत्तरेस मेरापी, दक्षिणेस हिंदी महासागर आणि मध्ये सुलतानाचा राजवाडा अशी एका रेषेवर केलेली आहे. अठराव्या शतकात पहिल्या सुलतानाने आखलेली ही रेषा आणि तिच्यावरील वास्तू २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाल्या. आजही दरवर्षी सुलतानाच्या राज्यारोहणाच्या स्मरणार्थ राजवाड्यातून वस्त्रे आणि इतर वस्तू मेरापीवर आणि दक्षिणेच्या समुद्रकिनारी अर्पण केल्या जातात. या विधीला ‘लाबुहान’ म्हणतात. बहुसंख्य लोक मुस्लिम आहेत. तरीही पर्वताशी असलेले हे प्राचीन नाते त्यांनी टाकलेले नाही.

पर्वतावरील विधीची जबाबदारी राजवाड्याने नेमलेल्या एका व्यक्तीकडे असते. तिला ‘जुरू कुन्ची’, म्हणजे किल्ल्या सांभाळणारा, असे म्हणतात. १९८२ पासून हे काम किनाहरेजो या वाडीतील म्बाह मारिजान यांच्याकडे होते. ‘म्बाह’ म्हणजे आजोबा. साधा पोशाख, मिश्कील बोलणे आणि डोंगराविषयी अढळ निष्ठा यांमुळे ते साऱ्या देशाला परिचित झाले. २००६ च्या उद्रेकाच्या वेळी सुलतानांनी सांगूनही त्यांनी गाव सोडले नाही. त्या वेळी त्यांची वाडी वाचली. साहजिकच अनेकांची श्रद्धा दृढ झाली. म्बाह जोवर खाली उतरत नाहीत तोवर आपल्यालाही भय नाही, असे शेजारपाजारच्या लोकांना वाटू लागले.

अनुभव हा चांगला गुरू आहे. पण एका वेळचा अनुभव पुढच्या वेळेची हमी देत नाही. व्यापारात मुरलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. चार वर्षांनी त्याची प्रचिती फार कठोरपणे आली.

२०१० चा उद्रेक

२०१० च्या सप्टेंबरात डोंगराच्या पोटात हालचाली वाढू लागल्या. भूकंपमापकांवर धक्क्यांची संख्या चढत गेली. शिखराचा भाग फुगू लागला. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात तर तो दिवसाला अर्ध्या मीटरच्या आसपास सरकत होता. इंडोनेशियात ज्वालामुखीच्या इशाऱ्याचे चार टप्पे असतात : सामान्य, सावध, सज्ज आणि अतिदक्षता. २१ ऑक्टोबरला मेरापीचा इशारा तिसऱ्या टप्प्यावर आणि २५ ऑक्टोबरला चौथ्या, म्हणजे सर्वोच्च टप्प्यावर नेण्यात आला. शिखराच्या भोवतालची दहा किलोमीटरांपर्यंतची गावे रिकामी करण्याचा आदेश निघाला.

दुसऱ्याच दिवशी, २६ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, पहिला मोठा स्फोट झाला. किनाहरेजो वाडी भस्मसात झाली. म्बाह मारिजान ८३ वर्षांचे होते. ते आपल्या घरात प्रार्थनेसाठी नतमस्तक झालेल्या स्थितीत मृतावस्थेत आढळले. त्यांच्याबरोबर त्या परिसरातील तीसच्या आसपास माणसे गेली. त्यांना खाली घेऊन यावे म्हणून वर गेलेला एक मदतकार्यातील स्वयंसेवक आणि एक वार्ताहर हेही त्यांत होते.

अनेकांना वाटले, जे व्हायचे ते झाले. शास्त्रज्ञांना मात्र तसे वाटत नव्हते. देशाच्या ज्वालामुखी विभागाचे तत्कालीन प्रमुख सुरोनो आणि त्यांचे सहकारी यांच्यापुढे जी मोजमापे येत होती, ती या डोंगराच्या नेहमीच्या वागण्याशी जुळत नव्हती. शिखरावर नवा घुमट विलक्षण वेगाने वाढत होता. ३ नोव्हेंबरला धोक्याची मर्यादा पंधरा किलोमीटर करण्यात आली. ४ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास ती आणखी वाढवून वीस किलोमीटर करण्यात आली. त्याच रात्री, ५ नोव्हेंबर उजाडण्यापूर्वी, शतकातील सर्वांत मोठा स्फोट झाला. गेंदोल नदीच्या पात्रातून तप्त लोट सुमारे पंधरा-सोळा किलोमीटर खाली उतरला. आपण पुरेसे दूर आहोत अशा समजुतीने जेथे लोक झोपले होते, तेथपर्यंत तो पोचला.

त्या उद्रेकात एकूण साडेतीनशेहून अधिक माणसे दगावली. साडेतीन लाखांहून अधिक लोकांनी घरे सोडली होती. वेळीच लोक हलवले नसते तर दहा ते वीस हजार जीव गेले असते, असा अंदाज पुढे शास्त्रज्ञांनी मांडला. चाळीस किलोमीटरांच्या आतच असलेल्या बोरोबुदूरच्या जगप्रसिद्ध बौद्ध स्तूपावर राखेचा थर बसला. नवव्या शतकातील त्या शिल्पांवरची आम्लयुक्त राख काढण्यासाठी पुढे कित्येक महिने कामगार आणि स्वयंसेवक हाताने झटत होते.

गोठ्याकडे वळणारी पावले

या आपत्तीतील एक गोष्ट जीवदयेचा वारसा सांगणाऱ्या कुटुंबांनी विशेष समजून घ्यावी अशी आहे. सरकारी शिबिरांत माणसांची सोय झाली होती, जेवण मिळत होते. तरीही दिवस उजाडला की अनेक पुरुष मोटारसायकलवर बसून पुन्हा धोक्याच्या भागात जात. कारण एकच. गोठ्यात गाई बांधलेल्या होत्या.

मेरापीच्या उतारावरील शेतकऱ्याला बँकेतील ठेव ठाऊक नसते असे नाही. पण त्याची खरी पुंजी गाय असते. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, घराचे छप्पर, आजारपण या साऱ्यांची तरतूद त्या गोठ्यात असते. आपल्या भाषेतही ‘पशुधन’ हा शब्द आहेच. शिवाय दुभत्या गाईची धार काढली नाही तर तिला वेदना होतात, चारा-पाणी मिळाले नाही तर ती दोन दिवसांत खचते. रोज हाताने चारा घातलेल्या जनावराचे हंबरणे मनातून जात नाही. संपत्तीची काळजी आणि मुक्या जीवाविषयीची माया या दोन्ही गोष्टी मिळून माणसाला डोंगराकडे ओढीत होत्या. कोणती किती, हे त्यालाही सांगता आले नसते.

अधिकाऱ्यांच्या ध्यानात ही गोष्ट आली तेव्हा सरकारने विस्थापितांची गुरे विकत घेण्याची तयारी जाहीर केली. हेतू असा की शेतकऱ्याला मोबदल्याची खात्री मिळाली तर तो जीव धोक्यात घालून परत जाणार नाही. ही घोषणा उशिरा आली. तोवर पुष्कळ जनावरे गेली होती आणि त्यांच्यासाठी परत गेलेली काही माणसेही. परंतु त्यातून एक धडा पक्का झाला : माणसाला वाचवायचे असेल तर त्याच्या गोठ्याचाही विचार करावा लागतो. पुढील काळात जनावरे आधी हलवण्याची योजना, त्यांच्यासाठी सुरक्षित गावांत निवारे आणि चाऱ्याची व्यवस्था या गोष्टी आपत्तीच्या नियोजनात शिरल्या. गाय सुखरूप आहे असे कळले की मालकही निश्चिंत मनाने खाली राहतो. दया आणि व्यवहार येथे एकमेकांच्या विरुद्ध उभे राहत नाहीत.

परतायचे की नाही

उद्रेक ओसरल्यावर खरा कठीण प्रश्न पुढे आला. शिखराजवळच्या वाड्यांत पुन्हा राहू द्यावे का? सरकारचे म्हणणे होते, नाही. खाली सुरक्षित अंतरावर नव्या वसाहती उभारण्यात आल्या. प्रत्येक कुटुंबाला शंभर चौरस मीटर जागा आणि त्यावर छत्तीस चौरस मीटरांचे पक्के घर. अडीच हजारांच्या आसपास कुटुंबांनी ही व्यवस्था स्वीकारली. वरची जमीन त्यांच्या मालकीचीच राहिली. दिवसा वर जाऊन शेती करावी, गवत आणावे आणि रात्री खाली येऊन झोपावे, असा तोडगा अनेकांनी काढला.

ग्लागाहार्जो गावातील कालितेंगा लोर, कालितेंगा किदुल आणि स्रुनेन या तीन वाड्यांनी मात्र नकार दिला. खालच्या वसाहतीत गोठ्याला जागा कोठे? चाऱ्याचे काय? वाडवडिलांची जमीन सोडून जायचे तर पुढच्या पिढीला द्यायचे काय? असे त्यांचे प्रश्न होते. त्यांनी आपली घरे स्वतःच पुन्हा बांधली. अधिकाऱ्यांशी दीर्घकाळ वाद झाला. अखेर या लोकांना बळाने हलवण्यापेक्षा धोक्यासह शहाणपणाने राहायला शिकवावे, हा विचार बळावला.

या नकारामागे निव्वळ हट्ट होता का? नोव्हेंबर २०२० मध्ये त्याची परीक्षा झाली. डोंगर पुन्हा अस्वस्थ झाला आणि ५ नोव्हेंबरला, मोठ्या उद्रेकाला बरोबर दहा वर्षे होत असताना, इशारा तिसऱ्या टप्प्यावर नेण्यात आला. कालितेंगा लोर वाडीतील वृद्ध, लहान मुले आणि गर्भवती स्त्रिया लगेच खालच्या निवाऱ्यात आल्या. गुरांचीही सोय झाली. धडधाकट माणसे मागे राहून पहारा देऊ लागली. ज्यांना हट्टी म्हटले गेले होते त्यांनी वेळ आली तेव्हा शिस्त पाळली. जमीन न सोडण्याचा निर्धार आणि इशारा मिळताच निघण्याची तयारी या दोन गोष्टी एकाच घरात नांदू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले.

बहीणगावे

२०१० मध्ये आणखी एक दोष उघड झाला होता. लोक घाईघाईने निघाले. पण कोठे जायचे हे त्यांना ठाऊक नव्हते. एकाच कुटुंबातील माणसे वेगवेगळ्या शिबिरांत गेली. धोक्याची मर्यादा वाढत गेली तशी काहींना दोन-तीन वेळा मुक्काम हलवावा लागला.

यावर मेरापीच्या पश्चिमेकडील मागेलांग जिल्ह्याने एक साधी, पण दूरदर्शी योजना आखली. डोंगराजवळच्या प्रत्येक गावाची दूरवरच्या एका सुरक्षित गावाशी जोडी लावून दिली. त्यांना ‘बहीणगावे’ म्हणतात. आपत्ती आली तर कोणत्या गावाने कोणाकडे जायचे, कोणत्या रस्त्याने जायचे, याची आखणी आधीच झालेली असते. शांततेच्या काळातही दोन्ही गावांचे येणे-जाणे राहते. त्यामुळे संकटात निघालेला माणूस अनोळखी छावणीत न जाता ओळखीच्या माणसांकडे जातो. २०२० मध्ये या योजनेचा प्रत्यक्ष उपयोग झाला.

तेथील समाजात परस्परसाहाय्याची परंपरा जुनी आहे. तिला ‘गोतोंग रोयोंग’ म्हणतात. घर बांधणे, रस्ता साफ करणे, लग्नाचा स्वयंपाक या गोष्टी शेजारी मिळून करतात. स्त्रियांत ‘अरिसान’ चालते. दरमहा सर्वांनी ठरावीक रक्कम जमा करायची आणि आळीपाळीने एकीने ती उचलायची. हे वर्णन वाचून आपल्याकडील भिशी कोणाला आठवणार नाही? उद्रेकानंतर सरकारी मदत पोचण्यापूर्वी अनेक घरांत चूल पेटली ती अशा जोडलेल्या नात्यांमुळे. २००६ पासून डोंगराभोवतीच्या गावांतील छोटी रेडिओ केंद्रे ‘जालिन मेरापी’ या नावाने एकमेकांशी जोडली गेली. शास्त्रज्ञांचा इशारा गावकऱ्यांच्या बोलीत, त्यांच्याच माणसाच्या आवाजात पोचवण्याचे काम ती करतात. इशारा कितीही अचूक असला तरी तो सांगणाऱ्यावर विश्वास नसेल तर व्यर्थ ठरतो. म्बाह मारिजान यांच्या प्रसंगातून शासनाने घेतलेला हा दुसरा धडा म्हणावा लागेल.

पाहुण्याने काय पाहावे

आज मेरापीच्या दक्षिण उतारावर देशोदेशीचे प्रवासी येतात. योग्यकार्ताहून कालिउरांग या थंड हवेच्या गावापर्यंत रस्ता आहे. तेथून उघड्या जीपगाड्यांतून उद्रेकाच्या वाटेचे दर्शन घडवले जाते. या गाड्यांचे चालक बहुतांशी आपत्तीग्रस्त गावांतीलच आहेत. शेत आणि गोठा गेल्यावर अनेक कुटुंबांना उभे केले ते या व्यवसायाने.

वाटेत एक जळालेले घर जसेच्या तसे जतन केलेले आहे. त्याला नाव दिले आहे, ‘माझ्या उरलेल्या मालमत्तेचे संग्रहालय’. आत वितळलेली भांडी आहेत, वाकलेली मोटारसायकल आहे, भिंतीवर मध्यरात्रीनंतर काही मिनिटांनी थांबलेले घड्याळ आहे, आणि गुरांचे सांगाडे आहेत. मालमत्ता म्हणजे काय, ती किती क्षणांत किती उरते, याचा असा ताळेबंद क्वचितच कोठे मांडलेला असेल. पुढे कालियादेमचा तो भूमिगत निवारा आहे. किनाहरेजोत म्बाह मारिजान यांच्या घराची जागा आहे. जवळच मेरापीविषयीचे प्रशस्त वस्तुसंग्रहालय आहे. मुलांना ज्वालामुखीचे शास्त्र समजावे अशी त्याची रचना आहे.

कोरड्या ऋतूत, म्हणजे मे ते सप्टेंबर या काळात, पहाटे लवकर गेल्यास शिखर स्पष्ट दिसते. दुपारनंतर ढग उतरतात. धूळ आणि राख यांसाठी नाकावर बांधायला रुमाल किंवा मुखपट्टी हवी. शिखरावर चढण्यास मे २०१८ पासून मनाई करण्यात आली. स्थानिक माणूस ‘येथून पुढे नको’ म्हणाला की तेथे थांबावे; त्या शब्दामागे पिढ्यांचा अनुभव असतो. इशाऱ्याचा टप्पा कोणता आहे हे निघण्यापूर्वी पाहावे. ११ मार्च २०२३ रोजी झालेल्या उद्रेकात आसपासच्या गावांवर राख पडली होती, हे विसरू नये.

शाकाहारी कुटुंबांसाठी एक सूचना उपयोगी पडेल. जावात टोफू आणि सोयाबीन आंबवून केलेले तेंपे सर्वत्र मिळते, भाज्याही विपुल असतात. परंतु तेथील बहुतेक चटण्यांत आणि कित्येक भाज्यांत ‘तेरासी’, म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा, घातलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ‘तेरासी नको’ असे आधीच स्पष्ट सांगावे. आंबवलेले पदार्थ वर्ज्य मानणाऱ्यांनी तेंपेविषयीही सावध असावे. घरून नेलेला कोरडा फराळ आणि तेथील ताजी फळे यांवर दोन दिवस सुखाने निघतात. सालाकची चव तर अवश्य घ्यावी.

मेरापीच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला रोज सकाळी शिखराकडे पाहण्याची सवय असते. धूर किती, कोणत्या दिशेला, रात्री दगड गडगडले का, याची नोंद तो मनाशी करतो आणि मग कामाला लागतो. त्याच्यापाशी अनिश्चितता लपलेली नसते. ती दाराशी उभी असते. म्हणून घराची कागदपत्रे एका पिशवीत बांधून ठेवलेली असतात, मोटारसायकलचे तोंड रस्त्याकडे असते, गाई कोणाकडे न्यायच्या हे ठरलेले असते, आणि डोंगरापलीकडच्या बहीणगावात आपला मुक्काम कोणाच्या घरी हेही ठाऊक असते. एवढी तयारी झाल्यावर तो खांद्यावर गवताचा भारा घेतो आणि उतारावरच्या आपल्या शेताकडे निघतो.